दुरुस्तीचा ट्रक, पारोळा रोड, धुळे

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. माझा जन्म कुठे आणि कधी झाला ते माझ्या चॅसीवर कोरलेलं होतं, पण ती अक्षरं गंजाने केव्हाच खाल्ली. मला आठवतं ते रावेरपासूनचं. बागेतून केळीचे घड भरायचे आणि स्टेशनावर नेऊन उतरवायचे, हे माझं पहिलं काम. घडांखाली केळीचीच सुकी पानं अंथरलेली असत. चीक ठिबकून माझ्या लाकडी फाळक्यांवर काळे डाग पडले होते. केळीच्या चिकाचा डाग कशानेही जात नाही हे तुम्हाला ठाऊकच असेल. माल मऊ, म्हणून खड्डा आला की ड्रायव्हर मला अलगद नेई. जगात सगळीकडे असंच जपून चालतात, असं मला तेव्हा वाटायचं.

बारा वर्षं अशी गेली. पुढे बागाईतदाराने मोठा, नवा ट्रक आणला आणि १९८३ साली मला विकायला काढलं. बघायला येणारे येत, टायरला लाथ मारत, बॉनेटवर थाप देत आणि जात. एक दिवस एक उंच, सावळा, फार न बोलणारा माणूस आला. त्याने लाथ मारली नाही. अंगातला धुतलेला सदरा तसाच ठेवून तो सरळ माझ्याखाली उताणा झोपला. छोट्या हातोडीने माझ्या चॅसीवर टकटक करत, कान लावत, तो अर्धा तास तिथेच होता. बाहेर आला तेव्हा त्याची पाठ मातीने भरली होती आणि चेहरा खुलला होता.

"हाडं चांगली आहेत," तो मालकाला म्हणाला.

हे अभिमनभाऊ. धुळ्याचे. धरणाच्या एका मोठ्या कामावर ते चौदा वर्षं मेकॅनिक होते. बुलडोझर, रोलर, खडी फोडायची मशीन, असली अवजड जनावरं बरी करणं हा त्यांचा हातखंडा. ती नोकरी त्यांनी नुकतीच सोडली होती, आणि ती का सोडली हे मी पुढे त्यांच्याच तोंडून कितीदा तरी ऐकलं. सातपुड्याच्या पायथ्याशी एक बुलडोझर नादुरुस्त झाला होता. भाऊ एसटीने गेले, तिथून सहा मैल चालत गेले. मशीन उघडलं तर लागणारा पाना पिशवीत नव्हता. परत आले, पाना घेऊन पुन्हा गेले, तर आतला एक भाग झाळून, म्हणजे तापवून जोडून घ्यावा लागणार होता आणि झाळायचं सामान धुळ्यात. एवढ्याशा कामापायी ते मशीन अकरा दिवस उन्हात उभं राहिलं आणि त्याच्या भरवशावरचे चाळीस मजूर बसून राहिले.

"माणूस आजारी पडला तर त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेता येतं," भाऊ म्हणत. "बुलडोझरला कुठे न्यायचं? दवाखान्यानेच त्याच्याकडे जायला पाहिजे."

तो दवाखाना म्हणजे मी व्हायचा होतो.

पारोळा रोडवर भाऊंचं पत्र्याचं आवार होतं. तिथे माझी गाठ कौतिकनानांशी पडली. नाना भाऊंचे गुरू. वय पन्नाशीच्या पुढे, बुटके, मिशा पांढऱ्या, काळ्या काचांचा चष्मा कायम कपाळावर चढवलेला. जातिवंत वेल्डर. त्यांच्या उजव्या हाताने घातलेला टाका बघायला इतर गॅरेजांतले कारागीर यायचे. नानांनी मला एक चक्कर मारली, माझ्या फाळक्यांवरचे डाग बघितले आणि म्हणाले, "हाई तं केळीवाली बाई शे. हिले आते मिस्तरीन करनं शे."

चार महिने मला मिस्तरीण करण्याचं काम चाललं.

आधी माझी लाकडी बॉडी उतरवली. उघडी चॅसी बघून मला लाज वाटली. नानांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून ती सरळ आहे का ते पाहिलं, आडव्या पट्टीतली एक बारीक चीर शोधून भरली. भाऊंना वाटलं, आता कपाटं जोडायला घेऊ. नाना म्हणाले, थांब. त्यांनी कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं जनरेटर, तेलाची पिंपं, जॅक, प्रत्येक वस्तूच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या भरायला लावल्या. ती वस्तू जिथे बसायची तिथे तिची गोणी ठेवली. मग मला आवाराला दोन फेऱ्या मारून आणलं आणि एका काठीने जमिनीपासून माझ्या मडगार्डापर्यंतचं अंतर मोजलं, डावीकडे आणि उजवीकडे. डावी बाजू तीन बोटं खाली बसली होती. गोण्या हलवल्या. पुन्हा फेरी, पुन्हा काठी. असं पाच दिवस. शेजारचे लोक हसायचे, की हे दोघे ट्रकमधून रोज तीच वाळू फिरवतात.

सहाव्या दिवशी काठी दोन्हीकडे सारखी आली. तेव्हा कुठे नानांनी वेल्डिंगची कांडी हातात घेतली.

जड सगळं खाली आणि मधोमध. वेल्डिंगचं जनरेटर केबिनच्या मागे, जाड रबरावर, म्हणजे त्याची थरथर माझ्या अंगात उतरू नये. तेलाची पिंपं आडवी, तोट्या बाहेर. गॅसच्या टाक्या उभ्या, साखळीने बांधलेल्या, हवा खेळेल अशा वेगळ्या कपाटात; तेलापासून लांब. दोन्ही अंगांना पत्र्याची कपाटं, त्यांच्या दारांना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, धूळ आत जाऊ नये म्हणून. मागे डाव्या कोपऱ्यात लोखंड पकडून धरायचा वाइस घट्ट बसवला. डाव्याच कोपऱ्यात का, असं भाऊंनी विचारलं, तेव्हा नाना म्हणाले, "रस्त्याच्या कडेला गाडी उभी करशील तेव्हा काम करणारा वाहत्या रस्त्याच्या बाजूला नको." आणि सगळ्यात शेवटी जाड पाइपाची छोटी यारी, चेनपुलीवाली, अर्धा टन उचलणारी. तिच्यासाठी मला मागे दोन लोखंडी पाय दिले. जड उचलायच्या आधी ते जमिनीत टेकवायचे, म्हणजे मी कलंडणार नाही.

पानेही होते, दीडशेवर. भाऊंनी एका कपाटाच्या दाराआड पाटी बसवली, तिच्यावर खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्याखाली आकडा लिहिला. काम संपल्यावर कोणता पाना परत आला नाही हे कळावं म्हणून. पाने मोजून लावायचं काम भाऊंच्या पत्नीकडे, सुंदरबाईंकडे यायचं होतं. त्यांनी पाटीकडे बघितलं आणि पदर खोचला.

"माले आकडा वाचता येत नई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश मागितला. एकेक पाना पाटीवर धरून त्याच्या कडेने रेघ काढली आणि आतला भाग रंगवून टाकला. पाना खिळ्यावर असला की रंग झाकलेला. पाना गेला की त्याचा पांढरा आकार उघडा.

"पाना उचला का जागा बोंबलाले पायजे," त्या म्हणाल्या.

नानांनी ते काम बघून कपाळावरचा चष्मा काढला आणि पुसला. त्यांच्याकडून मिळणारी ती सगळ्यात मोठी शाबासकी होती.

मग पेंटर आला. माझ्या पिवळ्या अंगावर त्याने ठसठशीत काळ्या अक्षरांत लिहिलं: 'बुलडोझर, रोलर, कॉम्प्रेसर – जागेवर दुरुस्ती. पारोळा रोड, धुळे.' मित्रांनो, त्या दिवशी मला आरशासमोर उभं राहावंसं वाटलं.

कामं येत गेली. पण माझं नाव झालं ते १९८६ च्या ऑगस्टमध्ये. शिरपूरच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीतल्या एका गावाच्या वर पाझर तलावाचं काम चालू होतं. बांध मातीचा, अजून कच्चा. तीन दिवस डोंगरात पाऊस कोसळत होता आणि तलाव भरत चालला होता. जास्तीचं पाणी बाहेर काढायला सांडवा खोदलेला होता, पण त्याच्या तोंडाशी मुरमाचा एक उंचवटा काढायचा राहिला होता. तो काढायला गेलेला बुलडोझर नेमका तिथेच बंद पडला. पातं वर उचलणाऱ्या तेलाचा पाइप फुटला आणि ते अजस्र पातं जमिनीत रुतून बसलं. म्हणजे ज्या दारातून पाणी जायचं त्या दारातच मशीन आडवं. पाणी कच्च्या बांधावरून गेलं असतं तर बांध विरघळला असता, आणि खाली दीडशे घरांचं गाव होतं.

सकाळी जीप निरोप घेऊन आली. भाऊ आणि नाना चहा टाकून उठले. तापीच्या पुलावरून जाताना खाली गढूळ पाणी घोंघावत होतं. डांबरी रस्ता संपल्यावर मी दोनदा चिखलात रुतलो. गावकऱ्यांनी दोर लावून मला ओढलं. पोचलो तेव्हा दुपार कलली नव्हती. पाणी बांधाच्या माथ्यापासून चार हात खाली होतं.

बुलडोझरचा ऑपरेटर वना नावाचा धरणगावकडचा तरुण होता. सगळे खाली उतर म्हणून ओरडत होते, पण तो सीटवरून हलत नव्हता.

"मन्हा हातमा बंद पडनं," तो भाऊंना म्हणाला. ओठ थंडीने निळे पडले होते. "माले सोडीसन जाता येत नई, भाऊ."

"जाऊ नको," भाऊ म्हणाले. "सांगेन तेव्हा चालू कर. तोपर्यंत चावीला हात लावू नको."

माझे लोखंडी पाय जमिनीत टेकवले. पाइपावरचं जाड झाकण माझ्या यारीने उचललं. फुटका पाइप बाहेर काढला, तर चीर वीतभर लांब. नवा पाइप कुठून आणणार? नानांनी खराब भाग कापून काढला, त्या जागी माझ्या कपाटातल्या पाइपाचा तुकडा धरला आणि दोन्ही सांध्यांवर कड्या चढवून पितळेने झाळायचं ठरवलं. पण वरून पाऊस. तापलेल्या सांध्यावर थेंब पडला की तो तडकणार.

तेव्हा गावातल्या ताईबाई पुढे आल्या. साठीच्या, काटक. त्यांनी माझ्यावरची ताडपत्री ओढली आणि मागे उभ्या असलेल्या बायांना हाक मारली, "चाला वं बठ्ठ्याजणी! कोपरा धरा!" दहा-बारा बायांनी ताडपत्री डोक्यावर ताणून धरली. मध्ये पाणी साठलं की ताईबाई काठीने ते उपसून टाकत. वाऱ्याने कोपरे सुटत होते, हात भरून येत होते, पण त्या छपराखाली नानांच्या ज्योतीवर एक थेंब पडला नाही. नाना घाई करत नव्हते. पाणी तीन हातांवर आलं, मग दोन. एकजण ओरडला, "नाना, आटपा!" नानांनी मान वर केली नाही.

पाइप बसला. माझ्या पिंपातलं तेल बुलडोझरच्या टाकीत ओतलं. वना चावीला हात घालणार, एवढ्यात भाऊंची नजर माझ्या उघड्या कपाटाकडे गेली. पाटीवर एक पांढरा आकार उघडा होता.

"थांब!" भाऊ ओरडले.

एक पाना कमी होता. भाऊंनी खिसे चाचपले, चिखलात पाहिलं. मग इंजिनावर वाकले. तो पाना पंख्याच्या पात्यांमध्ये आडवा पडला होता. इंजिन चालू झालं असतं तर पंख्याने तो सरळ रेडिएटरमध्ये भिरकावला असता, आणि मग त्या दिवशी ते मशीन उठलं नसतं. भाऊंनी पाना काढला. तो पाटीवर त्याच्या खिळ्याला अडकवला. मग वनाला म्हणाले, "कर चालू."

पातं वर आलं. मुरमाचा उंचवटा वनाने पाच-सहा फेऱ्यांत सपाट केला आणि मशीन बाजूला घेतलं. तलावाचं पाणी आधी बोटभर, मग कमरेएवढं, सांडव्यातून धावत सुटलं. संध्याकाळी त्यांनी ताईबाईंच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला. धुळ्याला आल्यावर त्यांनी सुंदरबाईंना पंख्यातल्या पान्याची हकिगत सांगितली. त्यांनी उठून पाटीवरच्या त्या आकाराला नवा रंग दिला.

मित्रांनो, इथपर्यंतची गोष्ट मी मान वर करून सांगतो. यापुढची सांगताना माझी मान खाली जाते.

नाव झालं तशा हाका वाढल्या. चोपड्याकडे कालवा, रावेरकडे रस्ता, साक्रीच्या अंगाला खदान. आम्ही आठवडा आठवडा घरी नसायचो. 'आलंच पाहिजे' असं सगळेच म्हणत आणि भाऊंना 'नाही' म्हणता येत नसे. माझ्यावर सामान वाढत गेलं. एक जादा पिंप, एक जुनं इंजिन, लागेल कधी तरी म्हणून लोखंडाचे तुकडे. नानांनी काठीने मोजलेला तोल कधी बिघडला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांच्या मशीनचं ग्रीस वेळेवर, माझं उद्या. दुसऱ्यांचे ब्रेक आज, माझे परवा. मी बोलू शकत नाही. मी फक्त कुरकुरू शकतो, आणि कुरकुर करणाऱ्याकडे कोण लक्ष देतं?

नानांनी दिलं होतं. १९८९ च्या मार्चमध्ये ते माझ्या मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. टायरच्या आतल्या अंगाला त्यांनी बोट लावलं आणि ते भाऊंना दाखवलं.

"अभिमन, ह्या चाकले घाम येई राहिना."

तो घाम म्हणजे ब्रेकचं तेल होतं. आतलं रबर गेलं होतं. भाऊंनी वरून तेल भरलं आणि म्हणाले, "चोपड्याचं काम संपू द्या, नाना. मग खोलसूत."

चोपड्याचं काम संपलं, तर दुसरं आलं. भाऊ दर दोन दिवसांनी तेल भरत राहिले. एप्रिलमध्ये खदानीतून परत येताना उतारावर त्यांनी पाय दाबला आणि ब्रेकचं पेडल तळाला टेकलं. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. उताराच्या पायथ्याशी खडी फोडणाऱ्या बाया जेवायला बसल्या होत्या, रस्त्यावरच, सावली धरून. भाऊंनी मला खालच्या गिअरमध्ये ओढलं, हातब्रेक ताणला, भोंगा दाबून धरला. मी हळू झालो, पण थांबलो नाही. अंगावरचं सगळं ओझं मला खाली ढकलत होतं.

शेजारी बसलेल्या नानांनी केबिनचं दार उघडलं. पायाशी चाकाला लावायचा लाकडी ठोकळा होता, तो उचलला आणि उडी मारली. भाऊ ओरडले, "नाना, नको!" नाना माझ्याबरोबर चार पावलं धावले, वाकले आणि ठोकळा पुढच्या चाकाखाली सारला. मी करकरलो. थांबलो. बाया ओरडत उठल्या होत्या. त्यांच्या शिदोऱ्या माझ्यापासून दहा पावलांवर होत्या.

ठोकळा नीट बसावा म्हणून नानांनी हात वेळेवर काढला नव्हता. उजवा हात. आणि ते चाक माझं होतं.

नानांची दोन बोटं दवाखान्यात काढावी लागली. उरलेल्या तीन बोटांची मूठ पुन्हा मिटली नाही. तो टाका, जो बघायला लोक येत, तो संपला.

भाऊंनी मला आवारात उभं केलं, कपाटांना कुलपं लावली आणि माझ्याकडे यायचं सोडलं. निरोप घेऊन जीप यायच्या, तशाच जायच्या. सुंदरबाई रोज डबा घेऊन नानांच्या घरी जात, पण भाऊ एकदाही गेले नाहीत. माझ्या टपावर चिंचेचा पाला साचला. केबिनमध्ये चिमण्यांनी काड्या आणल्या. मला आठवत होतं, मी मऊ केळी वाहून नेत असे तेव्हा एक फणीही दुखावत नसे.

पावसाळा सुरू झाला तेव्हा एक दिवस नानांच्या पत्नी यशोदाबाई आवारात आल्या. भाऊ पत्र्याखाली बसले होते. त्यांना बघून ते उठले आणि खाली मान घालून उभे राहिले. आता या काय बोलतील, शिव्या देतील, रडतील, असं मलाही वाटलं.

"तू कारे येत नई घर?" यशोदाबाईंनी विचारलं.

"कोनतं तोंड लई येऊ, अक्का?"

"जे शे तेच लई ये. दुसरं कथाईन आनशी?" यशोदाबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "तो घरमा बठी बठी गंजी राहिना, अभिमन. भितडाकडे तोंड करीसन बठस. हात गया, त्यानं दुखनं त्याले नई. कोनी काम सांगत नई, त्यानं दुखनं शे. त्याले आठे आन."

भाऊ त्याच पावली गेले. दोघं तिथे काय बोलले ते मला ठाऊक नाही. तासाभराने ते नानांना घेऊन आले. नाना वाळले होते, हात छातीशी धरलेला. ते सरळ माझ्याजवळ आले आणि डावा तळहात त्यांनी माझ्या पुढच्या चाकावर ठेवला. त्याच चाकावर. मग एक रिकामं पिंप उलटं करून त्याच्यावर बसले.

"बठ्ठी चाकं खोल," ते म्हणाले. "चारी बाजू. मी सांगस, तू कर. हात मन्हा गया, नदर नई गई."

वीस दिवस ते काम चाललं. माझ्यावरचं अनावश्यक लोखंड उतरलं. ब्रेकची रबरं, नळ्या, स्प्रिंगचे पाटे, सगळं नवं झालं. भाऊ हातात पाना धरायचे आणि नाना आवाजाने तो फिरवायचे: अजून पाव आटा, बस, आता सोड. भाऊंचा टाका वाकडा गेला की नाना तो तोडायला लावत. सातव्यांदा तोडायला लावला तेव्हा भाऊ रडायला लागले.

"रड," नाना म्हणाले. "पन टाका सरळ येवाले पायजे."

शेवटच्या दिवशी भाऊंनी पेंटरला बोलावलं आणि माझ्या दारावर एक ओळ वाढवली: 'बुधवारी काम बंद.' बुधवार माझा वार. त्या दिवशी नाना पिंपावर, भाऊ माझ्याखाली आणि दुसरं कोणतंही काम नाही. एका ठेकेदाराचा माणूस बुधवारी येऊन फार चिडला. दोनशे मजूर बसून आहेत म्हणाला. भाऊंनी माझ्याखालूनच विचारलं, "कोणाच्या जिवाला धोका आहे का?" तो म्हणाला, तसं नाही. "मग उद्या सूर्य उगवायला तिथे असेन," भाऊ म्हणाले. त्या ठेकेदाराने पुन्हा आम्हाला बोलावलं नाही. भाऊंना 'नाही' म्हणता आलं ते असं, माझ्याखाली झोपल्या झोपल्या.

त्यानंतर मी आठ वर्षं फिरलो. नाना बरोबर असत. कोणत्याही कामावर गेलं की ते आधी मशीनभोवती फिरत, ऐकत, आणि दुखणं कुठे आहे ते सांगत. त्यांच्या हाताची ख्याती होती तेव्हा लोक टाका बघायला येत. आता ते नानांना विचारायला येऊ लागले.

काळ बदलला. नवी मशीन आली, त्यांच्या आत काय चालतं ते बाहेरून ऐकू येईना. कंपन्यांच्या चकचकीत गाड्या धुळ्यातून जाऊ लागल्या. माझं इंजिन चढावर दमू लागलं आणि भाऊंचे गुडघेही. १९९७ साली शिरपूरच्या एका तंत्रशाळेने विचारलं, मुलांना शिकायला हा ट्रक द्याल का? भाऊंनी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग एका सकाळी ते आणि नाना मला इथे घेऊन आले.

भाऊंनी किल्ली गुरुजींच्या हातात दिली. गुरुजी म्हणाले, मुलांना दोन शब्द सांगा. पण भाऊ माझं दार धरून उभे राहिले, आणि हात काही निघेना. शेवटी नाना पुढे झाले, आपला तीन बोटांचा हात त्यांनी भाऊंच्या दंडावर ठेवला.

"चाल, अभिमन," ते म्हणाले. "ती आते शाळामा बठनी. आपुन घर जाऊत."

मित्रांनो, ते दोघे फाटकातून जाईपर्यंत मी बघत होतो. आता रोज तुमचे हात माझ्यावर फिरतात. तुम्ही माझे नट खोलता आणि घट्ट करता. चुकलात तरी मला राग येत नाही. माझी दुखणी शिकण्यासाठीच आहेत. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरी, गावात असं कोणी असेल, जे दिवसभर दुसऱ्यांचं मोडलेलं सांधत फिरतं. आई असेल, नर्सबाई असतील, तारेवर चढणारा वायरमन असेल. त्यांना सगळे फक्त हाकच मारतात. तुम्ही एकदा त्यांच्याजवळ थांबा आणि विचारा, तुम्हाला काही होतंय का? ते 'काही नाही' म्हणतील. लगेच निघू नका. थोडं वाकून बघा.